तुटलेल्या डीएनएपाशी थांबणारी पेशी

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत 16 गुणसूत्रे असतात आणि त्यांपैकी एखाद्याचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, तर दुरुस्तीवाचून ती पेशी सहसा जगत नाही. तुटलेल्या टोकांचा एकेक धागा कुरतडला गेल्यावर, उघड्या पडलेल्या दुसऱ्या धाग्यावर रॅड51 प्रथिनाला बसवण्याचे काम रॅड52 हे दुसरे प्रथिन करते; मग तो धागा जुळणारा क्रम शोधून काढतो आणि त्याच्या आधाराने गमावलेला भाग पुन्हा तयार होतो.

मला मात्र रॅड9 जनुकाचे काम अधिक मोलाचे वाटते. क्ष-किरणांच्या माऱ्याने डीएनए तुटलेली सामान्य पेशी मोठ्या कळीसह (म्हणजे तिच्यातून फुटणाऱ्या नव्या पेशीसह) डंबेलच्या आकारात थांबते आणि दुरुस्तीनंतरच विभाजित होते. हे जनुक निकामी असलेली पेशी तशीच पुढे जाते आणि मरते. टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी 1988 साली अशा सदोष पेशींचे विभाजन रसायनाने काही काळ रोखून धरले, तेव्हा त्यांतील पुष्कळ पेशी वाचल्या. दुरुस्तीची क्षमता त्यांच्यात शाबूत होती, फक्त तिला लागणारा वेळ मिळत नव्हता. इतक्या साध्या प्रयोगातून इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळते.