गेम जास्त घाबरवतो की पिक्चर?
माझं उत्तर पक्कंय, गेम. तुंबाड (२०१८) मला प्रचंड आवडतो, तो न थांबणारा पाऊस, तो वाडा, तो हस्तर राक्षस, सगळं अंगावर येतं, पण त्या राक्षसापाशी खाली उतरतो तो पिक्चरचा हिरो विनायक, मी नाही, मी डोळे मिटून घेतले तरी पिक्चर पुढे सरकतोच. गेममध्ये डोळे मिटून कसं चालेल? ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट (२०१०) घ्या, हातात एकही शस्त्र नाही, कंदिलातलं तेल संपत आलेलं, अंधारात थांबलं की आपल्या कॅरेक्टरचं डोकं फिरायला लागतं आणि राक्षसाकडे बघत राहिलं तरी तेच, म्हणजे लपायचं अंधारात आणि वेड लावणार तोच अंधार! आणि दार मलाच उघडायचंय, माऊस धरून, हळूहळू ओढत. एलियन: आयसोलेशनमध्ये (२०१४) तर गेम सेव्ह करताना पण तो एलियन येऊन मारू शकतो, बराच वेळ तो कुठून येईल ते ठरलेलंच नसतं, त्यामुळे दुसऱ्यांदा खेळताना पण छातीत तीच धडधड. पिक्चर दुसऱ्यांदा बघताना कुठे दचकायचं ते माहीत असतं. आवाजात थिएटर भारी, हे मान्य. पण रात्री दोनला हेडफोन घालून खेळून बघा, मग बोलू.