आयत्या वारुळात

नागपंचमीला बायका वारुळाला जातात, दूध-लाह्या वाहतात. वारूळ बांधलं वाळवीनं आणि मान नागाला. 'आयत्या बिळात नागोबा' म्हणून आपण त्याला हिणवतोही. पण पावसाळ्यात किनवट-माहूरच्या सागवानात भल्या पहाटे पिशवी घेऊन वारुळं धुंडाळणारे आपण तरी कोण?

आपल्याला हवी असते वारुळावरची अळंबी. पैनगंगेपल्याड विदर्भात तिला सात्या म्हणतात, शास्त्रज्ञ टर्मिटोमायसिस. वाळवी वाळलेलं लाकूड, पाचोळा खाते खरी, पण तो सगळा तिला पचत नाही. म्हणून जमिनीखाली ती आपल्याच विष्ठेचे सच्छिद्र गड्डे रचते आणि त्यांवर बुरशी पिकवते. बुरशी लाकूड कुजवून मऊ करते, मग वाळवी ते खाते, वर बुरशीही खाते. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांची. आपली जेमतेम १०-१२ हजार वर्षांची! शिवाय तिला दुबार पेरणीचा घोर नाही की पीकविम्याची रांग नाही.

पाऊस मुरला की त्या बुरशीला वर छत्र्या फुटतात. देठ मुळासारखा थेट खालच्या गड्ड्यापर्यंत गेलेला असतो. उपटायला गेलं की तुटतो, म्हणून भोवतीची माती काठीनं सैल करत बसायचं. कळी असेल तर सोनं. फुलून एक दिवस गेला की अळ्या पडल्याच म्हणून समजा. बटण मशरूम आणि धिंगरी शेडमध्ये बाराही महिने पिकतात. ही मात्र वाळवीशिवाय नांदत नाही, त्यामुळं बाजारासाठी तिची लागवड अजून कुणाला साधलेली नाही.

मग जागेला मोल येणारच. माणूस सातबारा दाखवेल, वारूळ दाखवणार नाही.

"मामा, कुठं गावली?"

"हितंच की, नाल्याकडं."

नाला कोसभर लांब, आणि मामांच्या धोतराला लागलेली माती टेकाडावरची, तांबडी.

ओळख नसेल तर मात्र छत्रीला हात लावू नये. भाजीत लसूण काळी पडली नाही म्हणजे बिनविषारी, असं छातीठोक सांगणारे गावोगावी भेटतात. ते साफ खोटं आहे. विषारी छत्रीतही लसूण पांढरी राहू शकते, आणि काही विषं कितीही शिजवली तरी जात नाहीत. जाणत्यानं स्वतः खुडलेली तेवढीच खावी.

घरी आणली की देठाची माती खरवडायची, दोन-तीन पाण्यांतून काढायची. कांदा, लसूण, काळं तिखट, बस. पाणी तिचं तिलाच सुटतं. टोमॅटो घालणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आमच्याकडं खरा वाद वेगळाच. श्रावणात ही चालते का? चव मटणाच्या फार जवळ जाते, हाच आक्षेप. श्रावण कडक पाळणारी आत्या तर अळंबीचं नावही काढू देत नाही. ताट घेऊन बसते, पातेल्याकडं बघत नाही, आणि भाकरी मोडता मोडता सांगते, "रस्सा तेवढा वाढ. फोडी नकोत मला."