हाऊ मेसेज खरा शे का?

मला सायबर पोलीस ठाण्यात टाकलं ते मराठी टायपिंग येतं म्हणून, दुसरं काही कारण नाही. हवालदार माणूस मी, आधीची सगळी नोकरी बंदोबस्त आणि समन्स-वॉरंट बजावण्यात गेली, त्यामुळे पहिले सहा महिने लेयर, लीन, आयपी हे सगळं डोक्यावरून जायचं. आता जरा जमतं. पण एका मे महिन्यातली केस डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही.

सोमवार, दुपारचे तीन, आपल्या खान्देशातला मे म्हणजे सांगायला नको, कूलर नुसता गरम हवा फेकत होता. तापीकाठच्या एका गावचे आप्पा आले, सत्तरीचे असतील, डोक्याला टोपी, हातात खताची पिशवी. पिशवीत पासबुक, आधारची झेरॉक्स आणि रुमालात गुंडाळलेला मोबाईल, जसा काही विंचू बांधून आणलाय. केळीचा माल गेला होता, व्यापाऱ्याचं पेमेंट नुकतंच जमा झालेलं, आणि शनिवारी संध्याकाळी त्यातले 4 लाख 70 हजार गेले. रविवारी बँक बंद. सोमवारी सकाळी शाखेत गेले तर ते म्हणे पोलिसात जा, तालुक्याला गेले तर तिथे म्हणे जिल्ह्याला जा, आणि एवढ्या फिरफिरीत सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावा हे एकानेही सांगितलं नाही. एका फोनचं काम होतं हो. 1930 ला तक्रार पडली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत ती पोचते आणि खात्यात जे उरलं असेल ते तरी अडकतं. दोन दिवसांनी काय उरणार?

"काय दाबलं होतं आप्पा?"

"गावना ग्रुपवर उनं ना भाऊ, पीएम किसाननं. माले वाटनं सरकारनंच शे."

एपीके फाईल होती, म्हणजे दाबली की मोबाईलमध्ये थेट ॲप बसवणारी. पाठवणारा गावातलाच पोरगा, पण त्या बिचाऱ्याचा मोबाईल आधीच हॅक झालेला, त्याच्या नंबरवरून ती फाईल सगळ्या ग्रुपवर फिरत होती. असलं ॲप एकदा बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर तिकडे जातो, तुम्ही तोंड उघडायची गरजच नाही. आप्पा तेच घोकत होते, मी कोनलेच सांगं नही, मी कोनलेच सांगं नही. खरं होतं त्यांचं. मोबाईल रुमालात होता तरी चालूच होता, म्हणजे अजूनही सगळे मेसेज तिकडे जात असणार. आधी फ्लाईट मोडवर टाकला, मग तक्रार टाईप करायला बसलो.

पैशांचा माग निघाला तो असा, तीन टप्प्यात सगळे एका खात्यात, तिथून वीस-बावीस मिनिटांत नऊ खात्यांत, आणि तिथून पुढे काही एटीएममधून काढलेले, काही क्रिप्टोत. अडकले किती? 38,400.

पहिल्या खात्याचा आयएफएससी कोड टाकला आणि मी खुर्चीतून उठलोच. शिरपूर! एरवी आम्हाला सवय सायबर चोरीसाठी बदनाम जामताराची, मेवातची, आणि इथे खातं शेजारच्या धुळे जिल्ह्यात. सगळ्यांना वाटलं आता चोर हातात आला. सरकारी गाडी नव्हती, माझ्याच गाडीत पेट्रोल टाकून दोघं गेलो. पत्र्याचं घर, आई चुलीवर कळण्याच्या भाकरी थापत होती, तिला वाटलं पोराच्या भरतीचं व्हेरिफिकेशन आलं, चहा ठेवायला उठली. पोरगा एकोणीस वर्षांचा. पासबुक, एटीएम कार्ड, सिम असं अख्खं किट आठ हजारात विकलेलं, ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल टाकून सुरतला पाठवलेलं. कुणाला? टेलिग्रामवरचं एक नाव, तेही आता डिलीट. आठ हजारातून त्याने शूज घेतले होते भरतीच्या रनिंगसाठी, दारातच ठेवलेले. आरोपी नंबर एक तोच. आईने विचारलं साहेब चोरी केली का याने, तर मला पटकन उत्तरच देता येईना.

त्याच्यापुढचं काम म्हणजे कागदाची लढाई. नोटीस पाठवा, रिमाइंडर पाठवा, बँकेचं उत्तर येतं ते अर्धवट, एटीएमचं फुटेज मागेपर्यंत ते पुसलेलं असतं. त्यात आयटी ॲक्ट लागला की तपास पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांनीच करायचा, खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला चालत नाही, आणि आमच्याकडे पीआय एक, सणासुदीला बंदोबस्तालाही तेच.

माझी पण एक चूक सांगून टाकतो. व्हॉट्सॲपकडून लॉगिनचे आयपी, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचे नंबर, आणि वेळा आल्या, मी ती वेळ जशीच्या तशी मोबाईल कंपनीला कळवून कनेक्शन कुणाचं ते विचारलं. नाव आलं एका बाईचं, अंगणवाडीत कामाला. फोन लावणारच होतो तेवढ्यात साहेबांनी कागद बघितला, म्हणे अरे ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे ना, तू साडेपाच तास मिळवले का? नव्हते मिळवले! मोबाईल इंटरनेटवर एकच आयपी एका वेळी कितीतरी लोकांकडे असतो आणि घटकाभरात दुसऱ्यांकडे जातो, पोर्ट नंबर आणि नेमकी वेळ नसेल तर भलत्याच माणसाच्या दारात उभे राहाल. तेव्हापासून माझ्या मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलेली आहे, "अधिक 5:30". वेळ दुरुस्त करून परत मागवलं तर सिम निघालं दुसऱ्या राज्यातल्या एका मजुराच्या नावावर, सिम घेताना दुकानदाराने त्याचा अंगठा दोनदा घेतलेला, म्हणजे त्याच्या नकळत दुसरं सिम काढलेलं. तिथून पुढे अजून रस्ता नाही.

अडकलेल्या 38,400 साठी कोर्टात अर्ज केला, ऑर्डर झाली, बँकेने सर्टिफाइड कॉपी मागितली, ती दिली, आणि दिवाळी उलटून गेली. मग एक दिवस आप्पा परत आले, त्याच पिशवीत मोबाईल, परत रुमालात. दोन दिवसांपूर्वी मेसेज आला होता आणि त्यांनी तो उघडलाच नव्हता. घरात कुणालाही हात लावू दिला नाही, बस पकडून सरळ माझ्या टेबलाजवळ.

"भाऊ, हाऊ मेसेज खरा शे का? उघडू का नको?"

बँकेचा होता. 38,400 जमा. मी वाचून दाखवला, परत वाचून दाखवला, तरी म्हणे तू तुन्हा हाते उघड.