माईकशिवाय मारवा

इंदूर. शनिवार, मार्गशीर्ष. मध्यरात्र उलटून गेली आहे.

आज मारवा त्याच्या वेळेला ऐकला. मारवा सूर्य मावळतानाचा राग, हे गाणं शिकणाऱ्या पोराटोरांनाही पाठ असतं, पण त्या वेळी तो कानावर पडतो कुठे? मोठ्या सभागृहातला कार्यक्रम सातचा. त्यात दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार. गवई मांडी घालून बसेपर्यंत साडेसात-आठ वाजतात, मग यमन, नाहीतर बिहाग, बागेश्री. मारवा, पूरिया, श्री ही संधिप्रकाशातली मंडळी दाराबाहेरच राहतात. आज रामबागेत एका घराच्या माडीवर बैठक होती. निरोपात 'साडेपाचला गाणं सुरू होईल' असं होतं आणि साडेपाचला खरोखरच सुरू झालं. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. गाणाऱ्या बाईंनी कोमल रिषभ लावला तेव्हा समोरच्या भिंतीवर ऊन होतं, आणि विलंबित ख्यालाचा अंतरा आला तेव्हा ते गेलेलं होतं. कुणी उठून दिवा लावला नाही. बराच वेळ आम्ही सगळे तसेच बसलो होतो.

अशा बैठकीला मी नेहमी लवकर जाते, तंबोरे लावताना बसायला मिळावं म्हणून. सभागृहात हे सगळं पडद्याआड होतं. माडीवर पडदा नसतो. तंबोऱ्याची पहिली तार एरवी पंचमात असते. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून ती निषादापर्यंत चढवायची. खुंटी पिळून तार जवळपास आली की मग सूर बारकाईने जुळवणारा तारेवरचा मणी. बाईंनी अंगठ्याने मणी इतका हळू सरकवला की तो हलला हे डोळ्यांना कळलंच नाही, कानालाच कळलं. मग जवारीचा दोरा. घोडीवर तारेखालचा तो दोरा केसभर पुढे-मागे केला की तार अचानक उघडते, आणि तिच्या पोटातून गंधार ऐकू येऊ लागतो. तो गंधार कुणी छेडलेला नसतो, षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, तारेतूनच तो येतो. दोन्ही तंबोऱ्यांतून तो एकदम आला तेव्हा बाईंनी डोळे मिटले आणि तबलजींकडे न बघताच मान हलवली. तबलजींनी हातोडी खाली ठेवली.

हळूहळू माडी भरली. सतरंजीवर पांढऱ्या चादरी, भिंतीला लोड-तक्के, जिन्यात चपलांचा ढीग. साठेक माणसं असतील. माणसं भरली की खोलीचा आवाज बदलतो, हे इथं बसूनच कळतं. चार वाजता रिकाम्या माडीत शब्द घुमत होता. साडेपाचला शाली, स्वेटर आणि साठ देहांनी तो घुमारा पिऊन टाकला. बाईंच्या हे लगेच लक्षात आलं. पहिला षड्ज त्यांनी जरासा आत ठेवून लावला, भिंतीपर्यंत जातोय का ते पाहिलं आणि विचारलं, "मागं ऐकू येतंय ना?" शेवटच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "तुम्ही गा ताई, ऐकणं आमच्याकडे लागलं." त्यांचं म्हणणं खरंच होतं. पुढचे दोन तास माडीवर कुणी जोरात खोकलंसुद्धा नाही.

आता मारवा. या रागात षड्ज सहजासहजी हाती लागत नाही. तंबोरा तर क्षणोक्षणी षड्ज सांगत असतो, पण गाणारी रिषभावर थांबते, धैवतावर थांबते, षड्जाला वळसा घालून पुढे निघून जाते. ऐकणाऱ्याच्या जिवाला एक ओढ लागते, आता येईल, आता येईल. आज मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवतावरून बाई निषादावर आल्या, वर जातील असं वाटलं, तोच रिषभावर पोचल्या आणि तिथंच राहिल्या. माझ्या शेजारच्या काकूंनी माझा हात धरला. त्यांच्याही ते नंतर लक्षात आलं. आणि पुष्कळ वेळाने, आवर्तन संपता संपता, षड्ज आला. तेव्हा माडीवर जे झालं त्याला दाद म्हणता येणार नाही. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि तो ऐकू आला. बाईंनाही ऐकू आला असणार, कारण पुढचा आलाप त्यांनी आधीपेक्षा संथ केला.

यासाठीच मला छोटी बैठक लागते. सभागृहात आपण अंधारात असतो आणि गाणारा उजेडात. आपली मान हलली काय, नाही हलली काय, त्याला दिसत नाही. इथं दिसते. बाई मध्येच एका विशिष्ट कोपऱ्याकडे बघून गात होत्या. तिथं एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बसली होती. ती हाताने ताल धरत नव्हती, पण बरोबर दहाव्या मात्रेला तिची पाठ ताठ व्हायची, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येतेय म्हणून. विलंबित एकताल, एक आवर्तन पाऊण मिनिटाचं, त्यात लय अंगात मुरवून बसणं ही साधी गोष्ट नव्हे. बाईंनी तिला हेरलं आणि मग दोन-तीनदा मुखडा, म्हणजे समेवर नेणारी बंदिशीची ओळ, मुद्दाम उशिरा उचलला, अगदी शेवटच्या क्षणी. मुलगी हसली, तबलजी हसले. तो मुखडा तसा त्या मुलीमुळे आला. ती आली नसती तर बंदिश तीच राहिली असती, पण आजचं गाणं हे नसतं.

इंदुरात बसून मारवा गायला काळीज लागतं, हेही नोंदवून ठेवते. हे उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव. त्यांच्या मारव्याची रेकॉर्ड, जिच्या दुसऱ्या बाजूला दरबारी आहे, इथल्या कितीतरी मराठी घरांत देवघराइतकी सांभाळलेली आहे. आमच्याकडे वडिलांनी ती कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवलेली असे. चौदा मात्रांचा झूमरा ताल, ती अतिविलंबित लय, मंद्रातली ती वस्ती, मेरुखंडाच्या अंगाने, म्हणजे त्याच स्वरांचे क्रम बदलत बदलत, होणारी मांडामांड, हे कानात घेऊनच इथली माणसं बसतात. खाँसाहेब 1974 साली गेले, पण इथं मारव्याचा पहिला रिषभ लागला की त्यांची आठवण न काढणारा माणूस विरळा. बाईंनी शहाणपण केलं. झूमऱ्याच्या वाटेला त्या गेल्याच नाहीत, आपल्या घराण्याची बंदिश, आपला एकताल. मला ते फार आवडलं. पहिल्या दहा मिनिटांत काही चेहऱ्यांवर तुलना दिसत होती. नंतर ती गळून पडली.

आणि ऐकणाऱ्यांचं म्हणाल तर या गावाने ऐकणाऱ्यालाही नाव दिलं आहे. रामूभैय्या दाते गात नव्हते, वाजवत नव्हते. ते ऐकत होते. तरी आमच्या घरात त्यांचं नाव गवयाच्या नावाच्या बरोबरीने घेतलं जाई. त्यांच्याकडच्या मैफिलींच्या गोष्टी वडील सांगायचे तेव्हा कोण गायलं याच्याइतकंच रामूभैय्यांनी कुठल्या जागेला दाद दिली हेही सांगायचे. कुमार गंधर्व 1948 साली देवासला राहायला आले, म्हणजे इंदुराहून तासाभराच्या वाटेवर. तिथंच रजब अली खाँसाहेब होते. गाणारे असे जवळ होते, पण नुसते गाणारे जवळ असून गाव गाण्याचं होत नाही. दिवाणखाना रिकामा करून देणारे, सतरंज्या घालणारे, चहाची आधणं ठेवणारे आणि मग गप्प बसून ऐकणारे लागतात. आजच्या यजमान वहिनींनी दोन दिवस आधीपासून घरातलं सामान हलवलं होतं. सोफा गच्चीवर ताडपत्रीखाली आणि फ्रिज रात्रभरासाठी शेजारच्यांकडे, का तर तो गुरगुरतो.

माईकबद्दल मला लिहायचंच आहे. माईकने गाण्याचं भलंही केलं आहे, हे मान्य. पूर्वी आवाज लांबवर फेकावा लागे, म्हणून गवई उंच पट्टीत, खड्या आवाजात गात. माईक आला तेव्हा हळुवार, खर्जातलं, कुजबुजीइतकं बारीक कामही मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोचू लागलं. अमीर खाँसाहेबांचं मंद्रातलं गाणं रेडिओवरून घराघरांत गेलं ते माईकमुळेच. पाचशे माणसांना तो हवाच. पण साठ माणसांच्या खोलीत कशाला? गेल्या पावसाळ्यात एका छोट्या सभागृहात गेले होते. श्रोते चाळीस-पन्नास, आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे स्पीकर. तबल्याचा डग्गा छातीवर आपटत होता, तंबोरा ऐकूच येत नव्हता, आणि पेटी गळ्याच्या वर चढून बसली होती. गाणारा बिचारा सारखा हाताने खुणा करत होता, मला जरा वाढवा, तबला कमी करा. माझं त्या दिवशी गाण्याकडे लक्षच लागलं नाही.

माईक नसला की गाणाऱ्याच्या तोंडून निघालेला सूर तिथूनच येतो. बाईंनी मान उजवीकडे वळवली की सूर थोडा उजवीकडे जातो. तान घेण्याआधीचा श्वास ऐकू येतो, आणि श्वास केवढा घेतला यावरून तान केवढी येणार याचा अंदाज बांधता येतो. द्रुत बंदिशीत एक तान अशी आली की तार षड्जाच्या वर जाऊन बाईंचा आवाज किंचित चिरला. माईकवर ते खटकलं असतं. इथं त्या चिरण्याआधीची सगळी धडपड आम्ही पाहिली होती, त्यामुळे ते त्या तानेचंच वाटलं. आणि तबलजी! डग्ग्यावरची त्यांची मनगटाची घीस मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकली. तळव्याचा खालचा भाग चामड्यावर घासतो त्याचा जो बारीक खसखस आवाज असतो, तोही कानावर येत होता.

मध्यांतरात आल्याचा चहा, आणि एक गोष्ट जी मला सांगावीशी वाटते. एका तरुणाने पहिल्या भागात मोबाईल उभा धरून रेकॉर्डिंग चालवलं होतं. त्याला कुणी टोकलं नाही. एका काकांनी फक्त चहाचा कप त्याच्या हातात देताना म्हटलं, "दोन्ही हात मोकळे ठेवून बघ की एकदा, बाळा." दुसऱ्या भागात मोबाईल खिशात होता, आणि तो मुलगा पुढे सरकून बसला होता. रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही. वडिलांच्या त्या रेकॉर्डवरच माझे कान वाढले. पण सगळं जपून ठेवण्याच्या नादात समोरचं निसटतं, हे मी बघते आहे.

दुसऱ्या भागात थंडी वाढली होती. खिडक्या लावल्या, खोली ऊबदार झाली, आणि तंबोरे उतरले. उबेने तारा सैल पडतात. बाईंनी न कंटाळता पुन्हा सगळं लावलं, निषादाची तार बागेश्रीसाठी मध्यमावर उतरवली, दहा मिनिटं गेली आणि कुणी चुळबुळ केली नाही. मग बागेश्री, आणि शेवटी आजोबांच्या फर्माईशीवरून एक निर्गुणी भजन. माळव्यात बैठक निर्गुणाशिवाय उठत नाही. एरवी शेवटी गायची ती भैरवी राहिली, पण कुणाला तिची आठवणही झाली नाही.

दाराशी एक तांब्याचा हंडा ठेवला होता, ज्याला जे जमेल ते त्यात. इथं मला स्पष्ट लिहायचं आहे. घरगुती बैठक म्हणजे फुकटची बैठक नव्हे. बाई रात्रीच्या गाडीने आल्या, साथीदार दोघं, तंबोरे सांभाळणाऱ्या दोन शिष्या. सिनेमाचं तिकीट आणि पॉपकॉर्न यांना आपण काही न बोलता पैसे देतो. निदान तेवढे तरी हंड्यात पडले पाहिजेत, आणि साथीदारांचं पाकीट वेगळं असलं पाहिजे. वहिनी ते वेगळं करतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्याकडे कलाकार पुन्हा येतात.

नंतर आम्ही पाचसहा जण सराफ्यात गेलो. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री खाण्याची गर्दी. गराडूचे, म्हणजे तळून खायच्या कंदाचे, दिवस आहेत. कढईतून काढलेले गरम गरम गराडू, वर मसाला, वर लिंबू. उभ्या उभ्या खाता खाता वाद पेटला: बाईंचा धैवत मारव्याचा होता की कधी कधी पूरियाकडे (स्वर तेच, पण भर निषादावर) झुकत होता? आजोबांचं म्हणणं, एकदा झुकला. त्या मुलीचं म्हणणं, नाही, निषादावर मुक्काम वाढला म्हणून तसं वाटलं. मला मुलीचं पटलं. आजोबांनीही शेवटी तिला त्या जागा गुणगुणून दाखवायला लावल्या आणि मग "हं, बघू" एवढंच म्हणाले.

आता झोपायच्या आधी एक ठरवून टाकते. उद्या वहिनींना फोन करायचा. संध्याकाळचे राग जसे वेळ हुकल्याने बाहेर राहतात तसेच सकाळचेही. तोडी, देसी, जौनपुरी मी प्रत्यक्ष समोर बसून शेवटच्या कधी ऐकल्या? पुढची बैठक रविवारी सकाळी आठला ठेवा म्हणून सांगणार आहे, पूर्वेच्या खिडक्या उघड्या ठेवून. पोहे-जलेबीचं माझ्याकडे, आणि हंड्यात जे कमी पडेल त्यातलं निम्मंही माझ्याकडे. त्या मुलीच्या आईचा नंबर घेतला आहे, तिलाही कळवायचं.