नडगीवरचे ठिपके

दिवाळी सरली की आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या ओस पडतात. धडधाकट माणसं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात, मागं उरतात म्हातारी आणि लेकरं. बीड जिल्ह्यातल्या याच पट्ट्यात माझा दातांचा दवाखाना आहे.

जानेवारीत सत्तरीचे एक आजोबा आले. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, बोट लावलं की रक्त. कीट भरपूर होतं. पायरिया समजून मी दात साफ केले, गुळण्यांचं औषध दिलं. तीन आठवड्यांनी परत आले ते धोतराच्या सोग्यानं तोंड पुसतच. सोगा लाल.

"डॉक्टर, समदे दात काढा अन् कवळी बसवा. लई वैताग आलाय."

खुर्चीत पाय लांब केले तसं धोतर वर सरकलं. नडगीवर केसाकेसाच्या मुळाशी तांबडा-काळसर ठिपका. पोटरीवर काळानिळा डाग. कुठं आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तेव्हा कुठं मी विचारलं, "आजोबा, जेवता काय?"

"म्हातारी गेली, सून कोयत्याला. चहात टोस बुडवतो. कधी दुधात भाकर कुस्करतो."

"लिंबू, फळ, पालेभाजी?"

"तोंड जळतंय ओ. दारात लिंबोणी हाय, पर दिवाळीपासून हात लावला न्हाई."

स्कर्व्ही! क जीवनसत्त्व कमी पडलं की होणारा रोग. हा खलाशांचा रोग म्हणून शिकलो होतो. ब्रिटिश नौदलातला डॉक्टर जेम्स लिंड, त्यानं १७४७ साली जहाजावर ज्या दोघा आजारी खलाशांना संत्री-लिंबं दिली, ते सगळ्यांत लवकर बरे झाले. आणि माझा रोगी लिंबोणीच्या सावलीत बसून आजारी पडला होता. हिरडी दाताला धरून ठेवणारे धागे कोलॅजेनचे. ते पक्के व्हायला क जीवनसत्त्व लागतं. शरीर ते बनवत नाही, आणि साठा एक ते तीन महिन्यांत संपतो. आंबट झोंबतं म्हणून सोडायचं, सोडलं की हिरडी आणखी चिघळायची, असं चाललं होतं.

रक्ताचा कर्करोग किंवा साखर नाही ना, हे आधी तपासून घेतलं. मग गोळ्या सुरू केल्या. पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं, आणि १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० असतं. म्हणून पेरूचा गर चमच्यानं खरवडून खायला सांगितला. लिंबू वरणात पिळायचं, पण ताटात वाढल्यावर. उकळताना पिळलं तर उष्णतेनं बरंचसं वाया जातं.

आठवड्यात रक्त थांबलं. मार्चअखेर हिरड्या गुलाबी, घट्ट. खालचे दोन दात मात्र गेले, त्यांचं हाड आधीच झिजलं होतं. जानेवारीतच ताटातलं विचारलं असतं तर ते तीन आठवडे त्यांनी रक्त गिळत काढले नसते. हे मला अजून लागतं.

शेवटच्या खेपेला त्यांच्यासोबत वाडीतले दुसरे एक म्हातारे होते. मी खुर्चीकडे बोट करायच्या आत आजोबांनीच त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत सारलं.

"डॉक्टर, हे बघा. ह्याला बी हायेत."