बंदुकीच्या लायसन्सची फाईल नेमकी कुठं अडकते

बंदुकीचं लायसन्स काढणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण फॉर्म कसा भरायचा ते सगळे सांगतात, फाईल कुठं अडकते ते कोणी सांगत नाही. आमची केळी सातपुड्याच्या पायथ्याला, राहणं मळ्यातच, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला एकट्यानं जावं लागतं, म्हणून बारा बोअरच्या बंदुकीसाठी अर्ज केला.

ए-१ फॉर्म, सातबारा, मेडिकल (मानसिक तब्येत ठीक आहे, नशा नाही हेसुद्धा डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं) हे सगळं झालं. बंदूक नीट हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे आणि ते असायलाच पाहिजे. बंदूक हातात घेतली की आधी उघडून नळी रिकामी आहे का बघायचं, हे कित्येक जुन्या लायसन्सवाल्यांनाही कोणी शिकवलेलं नाही.

अडकलं ते पोलीस रिपोर्टला. नियमात ठाण्याला ३० दिवस दिलेत. कलेक्टर ऑफिसची गृह शाखा म्हणे रिपोर्ट आला नाही, एसपी ऑफिस म्हणे आम्ही खाली कधीच पाठवलं, आणि ठाण्यात गोपनीय शाखेचे हवालदार म्हणे पत्रच नाही आलं भाऊ, पुढच्या आठवड्यात या. कापणीचे मजूर मळ्यात उभे आणि मी ठाण्याच्या बाकावर, असा संताप यायचा! शेवटी एसपी ऑफिसातल्या एका ताईंनी चिठ्ठीवर जावक नंबर (पत्र बाहेर पाठवल्याच्या नोंदीचा) आणि तारीख लिहून दिली. ती दाखवून ठाण्यात आवक रजिस्टर काढायला लावलं, हवालदारांचं बोट रकान्यातून खाली सरकत गेलं आणि माझ्या नावावर थांबलं, पत्र मिळाल्याची सहीसुद्धा होती. पत्र बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या कपाटात निघालं. मंग शेजाऱ्यांचे जबाब त्याच आठवड्यात झाले. म्हणून सांगतो, जावक नंबर घेतल्याशिवाय कुठल्याच टेबलावरून उठू नका, एजंटला पैसे तर अजिबात देऊ नका, मी एक रुपया दिला नाही.

रिपोर्ट गेल्यावर निर्णयाला ६० दिवसांची मुदत असते, तीही तारीख मांडून ठेवा. आणि हो, लायसन्स मिळालं म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नाही, ते वनखात्याचं वेगळं काम आहे. लायसन्सवर बंदूक विकत घ्यायची मुदत लिहिलेली असते ती आधी वाचा, मगच दुकानात जा. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितली तर पावती घेतल्याशिवाय देऊ नका.