न चाखता

शनिवार, रात्री

"चाखून बघा ना, ताई," शेफ इतकंच म्हणाला. तेव्हापासून काहीतरी खुपतंय. ओरडला असता तर एवढं लागलं नसतं.

बाकी स्वयंपाकाचा क्लास झकास. लोअर परळ, जुन्या गिरणीचं आवार, हुडहुडी भरेल असा एसी. रावस आणि त्यावर कोकमाचं बर ब्लाँ, म्हणजे फ्रेंच पद्धतीचा बटरचा सॉस. रावसाची कातडी टिश्यूनं टिपून इतकी कोरडी करायची, की बोट फिरवताना अडखळलं पाहिजे. तेल चांगलं तापलं की कातडी खाली, आणि पहिली पंधरा-वीस सेकंदं उलथन्यानं दाबून धरायचं. नाहीतर कातडी आकसते, तुकड्याचा द्रोण होतो आणि मधला भाग पॅनला टेकतच नाही. पाऊण शिजणं ह्याच बाजूवर, उलटायचं ते नावाला. हे पटलं. आपण सुरमई उगाच उलटसुलट करत बसतो, वर रवा असतो म्हणून निभावतं.

सॉसला सांबारचे दोन छोटे कांदे अगदी बारीक चिरून, 100 मिली व्हाइट वाइन, आणि व्हिनेगरऐवजी 2 चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस. तळाशी दोन मोठे चमचे उरेपर्यंत आटवायचं. मग गॅस मंद, आणि फ्रीजमधून काढलेलं बिनमिठाचं 200 ग्रॅम बटर, एकेक तुकडा फेटत फेटत. बटर गार असतं म्हणून सॉस फार तापत नाही. 60 अंशांच्या वर गेलं की फुटलं, तूप वेगळं आणि पाणी वेगळं. फुटायला लागलंच तर पॅन खाली उतरवून चमचाभर गार पाणी घालायचं आणि जोरात फेटायचं.

आणि दर पायरीला चाखायचं. त्यासाठी ओट्यावर दोन डबे, एकात धुतलेले चमचे, दुसऱ्यात वापरलेले. म्हणजे उष्ट्याचा प्रश्नच नाही. तरी माझा हात त्या डब्याकडे जाईना. शेजारची मुलगी मिटक्या मारत होती.

आमच्याकडे चाखत नाहीत. नैवेद्याला तर नाहीच नाही, आणि तीच सवय रोजच्या आमटीतही उतरलेली. आईंना म्हणे वासावरून मीठ कळतं. मला नाही कळत. मग इतकी वर्षं मी काय केलं? अंदाजपंचे? चव जमून आली तेव्हा ती माझी होती की नशिबाची? बरं, आमटीला चांगलं म्हणण्याची पद्धतही आमच्याकडे... जाऊ दे.

पण एक आहे. आगळात मीठ असतंच, आणि बाटलीगणिक कमीजास्त. त्यात आटवलं की खारटपणा वाढतो, निम्मं उरलं की दुप्पट. तिथे अंदाज चालायचाच नाही, पोरगा बरोबर होता. उकडीचं तसं नाही. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. नैवेद्याच्या पदार्थांची मापं एवढी घट्ट बसलीत ती बहुधा म्हणूनच. चाखायची सोय नाही ना! म्हणजे अगदीच अंदाजपंचे नव्हतं. ग्रॅम नव्हते इतकंच.

आणि पानाचं काय? पंगतीत सगळ्यात आधी मीठ वाढतात, शेजारी लिंबाची फोड. कमी वाटलं तर घ्या बाबांनो आपापलं. देवाच्या पानात आम्ही मीठ वाढत नाही, तो जसं असेल तसं चालवून घेतो. न चाखणाऱ्या बायकांनीच हे ठरवलं असणार, माझी खात्री आहे. त्या क्लासमधल्या भल्यामोठ्या पांढऱ्या प्लेटमध्ये मीठही नव्हतं आणि लिंबूही नव्हतं. खाणाऱ्याला हात घालायला जागाच नाही, सगळा भार शेफवर. चाखेल नाहीतर काय करेल बिचारा!

उरलेला कच्चा रावस डब्यात घालून दिलाय. उद्या संकष्टी, म्हणजे सोमवारशिवाय त्याला हात लावता येणार नाही. आत्ता फ्रीझरमध्ये टाकलाय. उद्या रात्री खालच्या कप्प्यात काढून कातडी वर करून उघडाच ठेवायला हवा, म्हणजे ती सुकेल. दुधाला मासळीचा वास लागला म्हणून यांची कुरकुर होणार, ती होऊ दे.